शर्यत एक दिवसाची, फाटक वर्षभराचं

आमच्या बेल्हे भागात हल्ली एक नवा विषय निघतो. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली मुलं दिवाळीला गावी आली की म्हणतात, "बाई, आपल्याकडे पण हाफ मॅरेथॉन घ्यायला पाहिजे. कॉलेजच्या आवारातून सुटायचं, वाड्या-वस्त्यांवरून घाटाच्या बाजूला चढायचं आणि परत कॉलेजात यायचं. थंडीची चाहूल लागली की मजा येईल." निवृत्त शिक्षकाला गावात दोन कामं हमखास असतात. एक, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासणं आणि दुसरं, नव्या उपक्रमाला आशीर्वाद देणं. पत्रिका तपासून देते. आशीर्वाद मात्र मी जरा विचार करून देते.

तर माझं मत असं. शर्यत जरूर घ्या. पण ज्या फाटकातून ती सुटेल, ते फाटक दुसऱ्या दिवशी पहाटेही उघडं राहिलं पाहिजे. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढे वर्षभर. तसं होणार नसेल तर टी-शर्ट, पदकं आणि कमानी यांवर खर्च कशाला करायचा?

हे असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. पारावर बसणारी आमच्या वयाची मंडळी म्हणतात की ही शहरी लोकांची थेरं आहेत, पैसे भरून धावायचं ही काय कल्पना! पैसे भरण्याबद्दल मी काही बोलत नाही, पण लांब धावणं आपल्याला नवीन नाही. घटस्थापनेच्या आधी तुळजापूर, सप्तशृंगी, मोहटादेवी इथून ज्योत घेऊन येणारी पोरं कुणी पाहिली नाहीत? शिवजयंतीला शिवनेरीवरून ज्योत घेऊन निघणारी तर आपल्याच तालुक्यातून जातात. एक धावतो, बाकीचे टेम्पोत, मग हातातली ज्योत दुसऱ्याकडे. घाट चढतात, उतरतात, रात्रभर जागतात, कित्येक जण अनवाणी असतात. त्यांच्या हातात घड्याळ नसतं आणि छातीवर नंबर नसतो, एवढाच काय तो फरक.

इतिहासात थोडं मागे गेलं तरी हेच दिसतं. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा होते. तिथे धावायला उतरलेली बरीचशी मुलं शेतकरी घरातली होती. शेतात राबणारी, साधं खाणारी, पायात काही नसलेली. त्यांना ना शर्यतीचे नियम ठाऊक होते, ना कुणी शास्त्रशुद्ध शिकवलं होतं. तरीही त्यांचं धावणं पाहून टाटांना वाटलं की ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. स्वतःचे पैसे घालून आणि वर्गणी जमवून त्यांनी १९२० साली अँटवर्पला संघ पाठवला. त्या संघात आपल्या सीमाभागातले, बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. हा पराक्रम आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवा होता. असो.

सांगायचा मुद्दा, लांब पल्ल्याचं धावणं हे मुळात कष्टकऱ्याच्या पायांचं आहे. शहराने ते उचललं आणि त्याला इंग्रजी नाव दिलं.

आता डोंगरातल्या शर्यतीबद्दल. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साधारण ९७ मीटर. सपाटीवर हे अंतर निराळं आणि चढावर निराळं. आपल्या महाराष्ट्रात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली ती सुरू झाली. साताऱ्याच्या पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. अडीच हजारांहून जास्त माणसं त्या घाटात होती.

माझी पुण्याची भाची तिथे धावली तेव्हा मी बरोबर गेले होते. ती पन्नाशीची आहे, बँकेत नोकरी करते. "मावशी, तू नुसती शेवटच्या रेषेपाशी उभी राहा," म्हणाली. राहिले. पहिला आलेला पोरगा वाऱ्यासारखा गेला, त्याच्याकडे नीट पाहायलाही मिळालं नाही. माझं लक्ष राहिलं ते मागून येणाऱ्यांवर. पोट सुटलेले, केस पांढरे झालेले, एकमेकींचा हात धरून येणाऱ्या दोघी, लंगडत येणारा एक तरुण. रेषा ओलांडली की कुणी रडत होतं, कुणी घरी फोन लावत होतं. शाळेच्या क्रीडादिनात मी पस्तीसेक वर्षं पंच म्हणून उभी राहिले आहे. तिथे आम्ही पहिल्या तिघांची नावं लिहायचो आणि कागदाची घडी करायचो. इथे शेवटून दहाव्या आलेल्या बाईसाठीही टाळ्या वाजत होत्या.

भाचीने नंतर मला चढ-उताराचं गणित समजावलं. लोकांना वाटतं चढ अवघड आणि उतार सोपा. चढताना छाती भरून येते हे खरं, पण चढ माणसाला आपोआप हळू करतो. घात करतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. म्हणून चढाने दमलेला माणूस घरी जाऊन झोपतो, पण उताराने मारलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरतो! खरंच, भाची दोन दिवस कठडा धरून पाठमोरी उतरत होती. डोंगरात धावणाऱ्याला सुरुवातीला जोर राखून ठेवावा लागतो आणि उताराला मोह आवरावा लागतो. नववी-दहावीच्या मुलांना मी फळ्यावर जे शिकवू शकले नाही, ते हे २१ किलोमीटर शिकवत असतील तर त्याला नावं कशाला ठेवायची?

आणि आपल्याकडे त्यासाठी दिवसही चांगले मिळतात. शरद ऋतू म्हणजे दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, पण पहाट गार असते. बाजऱ्या निघालेल्या असतात, बांधावर दव असतं, आण्याच्या पठारावरून येणारा वारा कोरडा झालेला असतो. सहाला सुटलं आणि साडेआठ-नवाच्या आत आटोपलं तर ऊन डोक्यावर यायच्या आत सगळे सावलीत. गुळुंचवाडीचा तो निसर्गाने कोरलेला दगडी पूल, मळगंगेचं देऊळ, पुढे आण्याचा घाट... बाहेरून आलेला धावपटू थक्क होईल, यात शंका नाही.

इथपर्यंत मी त्या मुलांच्या बाजूने आहे. आता दुसरी बाजू.

बेल्ह्यातून आळेफाट्याच्या किंवा घाटाच्या बाजूला पहाटे पाच वाजता एस.टी.ने जाऊन पाहा. कल्याण-नगर हमरस्त्याच्या कडेने मुलं धावताना दिसतील. त्यांना मॅरेथॉन धावायची नसते. ती पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि सेकंदासेकंदावर गुण जातात. म्हणून ही मुलं डांबरी रस्त्यावर धावतात, कारण मोजलेलं, सपाट, खड्डा नसलेलं दुसरं काही जवळ नसतं. मागून ट्रक येतो, समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांत. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यांतल्या किती ट्रॉल्यांना मागे लाल दिवा असतो ते तुम्हीच मोजा.

शिवाय आमच्या भागातला तो पाहुणा. बिबट्या. ऊस तुटायला लागला की त्याची लपायची जागा जाते आणि तो वस्तीजवळ दिसू लागतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत तिघांचे जीव गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. त्यानंतर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात असल्याची चित्रं सगळ्यांनी पाहिली. जिथे बाई खुरपायला जाताना गळ्याला खिळे बांधते, तिथे मुलीने पहाटे अंधारात धावायला कुठे जायचं?

माझा एक जुना विद्यार्थी आहे. शेती करतो, दोन म्हशी आहेत. त्याची मुलगी भरतीची तयारी करते. ती पहाटे धावते आणि हा तिच्या मागे मोटारसायकल चालवतो. मला म्हणाला, "बाई, पुढं पोरगी, मागं मी. लाइटीचा उजेड पडतो, जनावर जवळ येत नाय आन् माणूसपन येत नाय." मी विचारलं, रोज? म्हणाला, "रोज. पहिल्या गिअरात चालवून चालवून क्लच गेला गाडीचा." तो हसत होता. मला हसू आलं नाही. म्हणजे ज्या मुलीचा बाप पहाटे उठू शकतो, ज्याच्याकडे गाडी आहे आणि पेट्रोलला पैसे आहेत, तीच मुलगी धावू शकते. बाकीच्या मुली अंगणात जागच्या जागी उड्या मारतात.

मुलींचा प्रश्न मला जास्त लागतो, त्याला कारण आहे. मी शाळेत होते तेव्हा आम्हा मुलींना लंगडी, खो-खो, फार तर शंभर मीटर. लांब धावणं बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही, असं शिकलेली माणसंसुद्धा सांगत. हे खूळ फक्त आपल्याकडचं नव्हतं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि त्यानंतर ती बंद केली, ती थेट १९६० साली परत आली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. १९६७ मध्ये बोस्टनला कॅथरीन स्वित्झर नावाची कॉलेजातली मुलगी मॅरेथॉन धावत असताना एक अधिकारी तिच्या अंगावरचा नंबर ओढायला धावला होता. तिच्या विद्यापीठात मुलींचा धावण्याचा संघच नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघाबरोबर सराव करायची. पण सराव करायला विद्यापीठ तरी होतं!

इथे मी कॉलेजच्या आवारावर येते.

आपल्याकडे गेल्या तीसेक वर्षांत खेड्यापाड्यांत मोठमोठी शैक्षणिक संकुलं उभी राहिली. बेल्ह्याच्या बांगरवाडीलाच अभियांत्रिकीपासून फार्मसीपर्यंतची कॉलेजं आहेत. अशी संकुलं बहुधा गावापासून दूर, माळावर किंवा टेकडीच्या अंगाला असतात, कारण जमीन तिथेच मिळते. भोवती कुंपण असतं, आत डांबरी रस्ते, दिवे, रखवालदार आणि मैदान असतं. जमीन वर-खाली असेल तर आणखीच चांगलं. पहाटे धावणाऱ्या मुलीला जे जे लागतं, ते ते सगळं तिथे आधीच आहे. दीड किलोमीटरचा आतला फेरा असेल तर चौदा फेऱ्यांत २१ किलोमीटर होतात. ८०० मीटरची खूण तर चुन्याने मारता येते.

असं आवार मिळालं की काय होतं ते नाशिककडे पाहा. भोसला मिलिटरी कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली कविता राऊत घडली. ती हरसूलजवळच्या सावरपाडा नावाच्या आदिवासी पाड्यावरची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच मुशीतली संजीवनी जाधव. तिने २०१७ मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्यपदक आणलं. डोंगरातल्या मुलींच्या पायांत ताकद असतेच. त्यांना मोजलेलं मैदान, शिकवणारा माणूस आणि निर्धास्त पहाट मिळाली, तर त्या कुठे पोचतात ते दिसलं.

इथे मला नेहमी हिरकणी आठवते. तीही कोजागरीचीच, म्हणजे शरदातलीच गोष्ट. दूध घालायला रायगडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. ही आख्यायिका मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली. मुलं तिच्या धाडसाला टाळ्या वाजवायची. पण एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तिला दरवाजा का नाही उघडून दिला?" मी तिला नियमाचं महत्त्व सांगितलं. गडाला शत्रूची भीती होती, पहारेकऱ्याला नियम मोडता येत नव्हता, हे खरंच आहे. कॉलेजच्या माळाला मात्र कुठल्या शत्रूची भीती आहे? आपल्या मुलींनी रोज हिरकणी व्हावं आणि आपण वर्षातून एकदा त्यांचा सत्कार करावा, याला मी तरी शौर्याचं कौतुक म्हणणार नाही.

संस्थाचालकांच्या अडचणी मला कळतात. मीही शाळेच्या कारभारात होते. उद्या कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, काही चोरीला गेलं, वसतिगृहातल्या मुलींना त्रास झाला, तर जबाबदार कोण? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याला उत्तरं आहेत. वेळ ठरवा, पाच ते सात. फाटकावर वही ठेवा, नाव, गाव, पालकांचा फोन नंबर लिहून घ्या. वसतिगृहाकडचा रस्ता वगळून फेरा आखा. विजेचा थोडा भार ग्रामपंचायतीने उचलावा. रखवालदार रात्रपाळीला असतोच, त्याला दोन तासांचा जादा मोबदला द्या. आठवड्यातून दोन दिवस निवृत्त फौजी किंवा शाळेचे क्रीडाशिक्षक येऊन उभे राहतील. आमच्या भागात निवृत्त फौजींना काय तोटा? एका दिवसाच्या शर्यतीला जेवढी माणसं, गाड्या आणि परवानग्या लागतात, त्या मानाने हे काहीच नाही.

कुणी म्हणेल, भरतीच्या मुलांना २१ किलोमीटरशी काय करायचंय? त्यांचं काम १६०० मीटरचं. हाच तर माझा शेवटचा मुद्दा आहे. आपली खेड्यातली मुलं नोकरीसाठी धावतात. वयाची मर्यादा उलटली, किंवा दोन-तीनदा यादीत नाव आलं नाही, की बूट खुंटीला. मग त्या मुलाला धावणं म्हणजे आपण जिथे हरलो ती जागा वाटते. पंचविशी-तिशीत पाय थांबतात आणि मन कडू होतं. अशी किती मुलं मी पाहिली आहेत! अर्धमॅरेथॉनमध्ये जागा भरायच्या नसतात. तिथे तुमच्या पुढे दोन हजार माणसं असली तरी तुम्ही नापास होत नाही. नापास न होता दमण्याचा अनुभव आमच्या परीक्षांनी या मुलांना कधी दिलाच नाही. तो कुठल्यातरी घाटात मिळत असेल तर मिळू दे. आणि मुलींना तर लग्नानंतरही मिळू दे. माझ्या भाचीने पंचेचाळिशीत सुरुवात केली, हे मुद्दाम सांगते.

म्हणून शर्यत घ्याच. हमरस्ता टाळून वाड्यांच्या रस्त्यांनी घ्या, वन खात्याला आणि पोलिसांना आधी सांगून, चांगलं उजाडल्यावर सोडा. उतारावर पाणी आणि डॉक्टर ठेवा. तालुक्यातल्या भरतीच्या मुला-मुलींकडून एक रुपयाही घेऊ नका, शहरातून येणारे त्यांचे पैसे हसत भरतील. आणि पदक वाटपाच्या वेळी पाहुण्यांची भाषणं झाल्यावर व्यासपीठावरून एकच घोषणा करा, की उद्यापासून पहाटे पाचला हे फाटक उघडं असेल.

ती घोषणा होणार असेल तर पत्रिकेचं शुद्धलेखन मी फुकट तपासून देईन, आणि आशीर्वादही. आपल्या गावाजवळ असं आवार असेल तर तुम्हीही एकदा पहाटे जाऊन पाहा. फाटक उघडं आहे की बंद ते मला जरूर कळवा.